आठ महिन्यांचा अबोला आणि एक चेन

आमच्या मुलुंडच्या घरात आठ महिने दोन पुरुष एकमेकांशी माझ्या तोंडून बोलत होते. एक माझे सासरे आणि दुसरा त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा. त्या काळी आम्ही बायका नवऱ्याला 'हे' म्हणायचो. आता लिहिताना सरळ नवरा म्हणते. रागावणारे दोघंही आता नाहीत, आणि या वयात मला कुणाच्या रागाची फारशी भीतीही उरलेली नाही. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. म्हणजे घरात तिसरी मी, आणि चौथं कुणी नाही. दोघांच्या अबोल्यात तिसऱ्याचे काय हाल होतात ते मला विचारा.

जेवायला दोघं समोरासमोर बसत. पाटांमध्ये दोन हात अंतर. सासरे आमटीचा भुरका मारून म्हणत, "मीठ कमी झालंय का, विचार त्याला." मी नवऱ्याकडे बघायची. तो ताटाकडे बघत म्हणायचा, "मला नाही वाटलं, सांग त्यांना." मग मी सासऱ्यांना सांगायची, "नाही वाटलं म्हणतात." तेव्हा कुठे सासरे मान हलवत. दोघांपैकी कुणाचाही कान अधू नव्हता. पण अबोल्याचेही नियम असतात आणि आमच्याकडे ते फार काटेकोर पाळले जात. मी उच्चारत नाही तोवर काही ऐकू आलंच नाही, असं दोघंही धरून चालत. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. दिवसभर चाळीस मुलींपुढे बोलायची आणि घरी येऊन या दोघांचं बोलायची. माझा घसा बसला की घर मुकं व्हायचं.

कारण होतं नोकरीचं. सासऱ्यांनी उभा जन्म रेल्वेच्या वर्कशॉपात काढला होता. फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. मुलगा शिकून त्याच वर्कशॉपात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटला, तेव्हा त्यांना आणखी काही मागायचं उरलं नव्हतं. आणि एके दिवशी मुलाने ती कायमची नोकरी सोडली. ट्रॉम्बेला, डोंगरापलीकडे समुद्राच्या अंगाला, काहीतरी नवीन उभं राहत होतं. अणूचं काम आहे, असं लोक आवाज खाली करून सांगायचे. तिथे त्याला तात्पुरत्या जागेवर घेतलं होतं आणि तो हवेत होता. चूक एवढीच झाली की राजीनामा आधी दिला आणि वडिलांना नंतर सांगितलं.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता," तो म्हणाला.

"म्हणालोच असतो," सासरे म्हणाले.

दोघांमधलं ते शेवटचं बोलणं. भांडण नाही, आदळआपट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे मला म्हणाले, "पाणी तापलंय म्हणावं," आणि माझी नवी नोकरी सुरू झाली.

आठवडाभरात मोटारसायकल आली. मुलुंडहून ट्रॉम्बेला गाड्या बदलत जायचं तर माणूस कामावर पोचायच्या आधीच दमायचा, म्हणून ती घेतली. लढाई संपल्यावर मिलिटरीने लिलावात काढलेल्या गाड्यांपैकी ती एक, तीन-चार हात फिरून आमच्याकडे आलेली. वरून काळा रंग, पण टवका उडाला की आतून लष्करी हिरवा डोकवायचा. नवऱ्याने ती ढकलत फाटकातून आत आणली तेव्हा सासरे ओट्यावर आरामखुर्चीत होते. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं ते खाली घेतलंच नाही. गाडी अंगणाच्या टोकाला बदामाच्या झाडाखाली उभी असायची. सासरे फिरायला निघाले की कुंपणाच्या कडेने वळसा घालून फाटकाशी जायचे, पण तिच्या जवळून जायचे नाहीत. सोवळ्यातल्या माणसानेही इतकं अंतर राखलं नसतं.

कान मात्र त्यांना आवरता आले नाहीत. चाळीस वर्षं यंत्रांच्या आवाजात गेलेला माणूस तो. एका सकाळी नवरा कोपऱ्यावरून दिसेनासा झाला आणि सासरे मला म्हणाले, "चेन दात सोडतेय."

"काय सोडतेय?"

"मागच्या दातेरी चाकावरून चेन घसरतेय. जोर पडला की कट्ट आवाज येतो. ऐकला नाहीस?"

मी ऐकला नव्हता. मला त्या गाडीचा एकच आवाज यायचा, तो म्हणजे सगळी आळी जागी करणारा. "एखाद दिवशी तुटेल ती," ते म्हणाले. "तुटून मागच्या चाकात गुंतली तर चाक जागच्या जागी जाम होतं. मग माणूस कुठे पडेल सांगता येत नाही." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. मग पेपर उघडून म्हणाले, "बदल म्हणावं. पण तिन्ही एकदम. चेन, पुढचं दातेरी चाक, मागचं दातेरी चाक. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घातली तर ते दाते तिलाही खातात."

इथे मी एक कबूल केलं पाहिजे. मी निरोप जसेच्या तसे कधीच पोचवले नाहीत. सासरे म्हणायचे, "त्या शहाण्याला सांग." मी म्हणायची, "मामंजी सांगत होते." नवरा म्हणायचा, "त्यांना म्हणावं ही रेल्वे नाही." मी म्हणायची, "बघतो म्हणाले." आठ महिने मी दोघांच्या बोलण्यातली मिरची काढून घेत होते. एखाद्या दिवशी इतकी काढावी लागे की निरोपात काही शिल्लकच राहायचं नाही.

तो निरोपही मी असाच धुऊन पुसून दिला. पण तिन्ही एकदम बदल, हे वडिलांनी सांगितलं म्हटल्यावर नवऱ्याने फक्त चेन बदलली. मुलुंड ते ट्रॉम्बे रस्ता तर असा, की भांडुप-कांजूरकडून मिठागरांवरचा खारा वारा अंगावर यायचा आणि पुढे बांधकामांची धूळ. तीन महिन्यांत नवी चेन जुनीसारखी लोंबायला लागली. एका संध्याकाळी नवरा पाय आपटत घरात आला आणि मला म्हणाला, "मागच्या चाकाचे दाते बघ जरा. आकड्यासारखे वाकलेत. वाट लागली त्या चेनची." सासरे आत देवापाशी दिवा लावत होते. त्यांनी ऐकलं नव्हतं, नियमाप्रमाणे. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

याच सुमाराला ते पत्र आलं. ट्रॉम्बेच्या कामावरच्या लोकांसाठी मानखुर्दला बैठ्या खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक आम्हाला मिळाली. महिनाअखेरीला राहायला जायचं होतं. नवऱ्याने पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "सांग त्यांना." मी ओट्यावर जाऊन सांगितलं. सासऱ्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "जा म्हणावं. माझं काही अडत नाही." आत येऊन मी नवऱ्याला म्हणाले, "बरं म्हणाले."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला माझे वडील आठवत नाहीत. मी चार वर्षांची असताना ते गेले. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासऱ्यांना वडील म्हणायचं मी ठरवलं वगैरे नव्हतं, ते आपोआप झालं. मी बुटकी. शाळेत फळ्याच्या वरच्या भागापर्यंत माझा हात पोचायचा नाही, आणि मुली तोंडावर हात धरून हसायच्या. हे मी एकदा जेवताना गंमत म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी माझ्यापुढे एक चौरंगासारखं लाकडी स्टूल ठेवलं, चारी कोपऱ्यांना पितळी पट्ट्या मारलेलं. नुसतं दिलं नाही, मला त्यावर उभं करून, हात वर करायला लावून उंची तपासली. मग ते डोक्यावर घेऊन माझ्याबरोबर शाळेपर्यंत आले. फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस, भर रस्त्याने, डोक्यावर सुनेचं स्टूल.

त्या माणसाला आम्ही एकटं टाकून जाणार होतो. तेही न बोलता. मी होते तोवर निरोप तरी जात-येत होते. मी मानखुर्दला गेल्यावर ते काय करणार होते, भिंतीला सांगणार होते? बोलत असलेली माणसं लांब गेली तर भेटतात. न बोलणारी लांब गेली की एकमेकांना हळूहळू विसरून जातात. माझ्या माहेरी दोन काका असेच वेगळे झाले होते. एकाच्या तेराव्याला दुसरा आला तेव्हा त्याला पुतण्यांची नावं विचारावी लागली होती. मला ते आमच्या घरात व्हायला नको होतं. पण दोघांपैकी एकालाही 'बोला' म्हणायची माझी छाती नव्हती. दोघंही हट्टाला सारखेच. नाकही सारखंच होतं.

महिना संपायला दहा-बारा दिवस राहिले असताना नवऱ्याने तिन्ही वस्तू पैदा केल्या. ग्रँट रोडच्या जुन्या सामानाच्या दुकानांत चार शनिवार घालवले तेव्हा कुठे त्या गाडीला बसतील अशी दोन्ही दातेरी चाकं मिळाली. मला पुढचं लहान चाक फार आवडलं. तळहातावर मावणारं, दाते सगळे एकसारखे गोल खांद्यांचे. जुनं त्याच्या शेजारी ठेवलं तर एका बाजूला झिजून टोकदार झालेलं, चिडलेल्या मांजराच्या नखांसारखं. "तिन्ही एकदम बदलणार आहेत," मी सासऱ्यांना मुद्दाम सांगितलं. "उशिरा का होईना," ते म्हणाले. मी आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, "त्यांना बरं वाटलं." आणि ते खोटं नव्हतं.

पुढचं चाक क्लचच्या मागे दडलेलं. शनिवारची अर्धी सुट्टी तिथपर्यंत पोचण्यातच गेली. बदामाखाली पोतं अंथरलं होतं आणि त्यावर नट, वॉशर, स्प्रिंगा ओळीने मांडलेल्या. एक नट काही केल्या सुटेना. नवऱ्याने पान्यावर पाय देऊन बघितलं, मनातल्या मनात शिव्याही दिल्या असतील. ओट्यावरून हाक आली, "सूनबाई." मी गेले.

"तो नट उलट्या आट्यांचा असेल. उलटा फिरव म्हणावं. उगाच जोर लावून आटे उडवू नको म्हणावं."

मी अंगण ओलांडून जाऊन सांगितलं. "मला माहितीये," नवरा म्हणाला, आणि पाना उलटा लावला. नट सुटला. मी परत ओट्यावर जाऊन म्हणाले, "सुटला. बरं झालं सांगितलंत, म्हणाले." सासऱ्यांनी पेपरमागून नुसतं हूं केलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी त्या दोन दिवसांत बघितलं. आणि शेळी मीच होते.

रविवारी सकाळी नवी चेन ग्रीसमध्ये ठेवायचा कार्यक्रम झाला. तोही निरोप सासऱ्यांचाच. नुसतं वरून तेल पाजून उपयोग नाही, ग्रीस पातळ करून त्यात चेन मुरवायची, म्हणजे सांध्यासांध्यात जातं. मी अंगणात शेगडी पेटवली आणि पोचे आलेलं एक अल्युमिनचं पातेलं कायमचं सोडून दिलं. काळ्या ग्रीसमध्ये चेन वेटोळं घालून बसली. वास इतका सुटला की शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "आज काय बेत?" "चेन," मी म्हणाले. त्या परत आल्या नाहीत.

दहाच्या सुमारास पलीकडची पिठाची गिरणी सुरू झाली. रविवारी तिला उसंत नसायची. तिच्या पुक्-पुक् आवाजात ओट्यावरचं बदामाखाली ऐकू जाणं शक्य नव्हतं. तोवर दोन्ही चाकं बसली होती. नवऱ्याने चेन पुढच्या चाकावरून ओवून घेतली आणि टोकं हातात धरून बसला. ओट्यावरून बोटाने खूण झाली. मी गेले.

"दोन्ही टोकं मागच्या चाकाच्या दात्यांवर आणून तिथे जोड म्हणावं. दाते टोकं धरून ठेवतात. हवेत जोडत बसू नको."

मी पोचवलं. मागच्या दात्यांवर टोकं कशी शांत बसली, ते बघून नवऱ्याने भुवया उडवल्या. मी परत आले.

"आता क्लिप," सासरे म्हणाले. त्यांनी पेपर मांडीवर ठेवला होता. हाताच्या बोटांनी ते हवेत ती क्लिप धरल्यासारखं करत होते. "जोडकडीवर एक लहान क्लिप बसते, माशासारखी. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी. बंद टोक पुढे हवं म्हणावं, चेन पळते त्या दिशेला. उलटी लावली तर कशाला तरी अडकून निघून येते. आणि क्लिप गेली की चेन गेली. नीट सांग. सगळं त्या एवढ्याशा तुकड्यावर आहे."

मी निघाले. ओटा ते बदाम म्हणजे वीसेक पावलं. मधे पाण्याचं पिंप होतं. त्या पिंपापाशी माझे पाय थांबले. आधी ठरवलं काहीच नव्हतं, देवाशपथ. पण तिथे उभी राहून मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. इकडे एक म्हातारा माणूस खुर्चीत पुढे वाकून हवेत क्लिप लावत होता. तिकडे त्याचा मुलगा त्याच्यासारखाच वाकून खरी क्लिप हातात घेऊन बसला होता. आणि माझं डोकं फिरलं. मला दोघांचाही राग आला. वीस पावलं. यांना ती चालता येत नाहीत आणि मी आठ महिने चालतेय.

मी नवऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. "काय म्हणतात?" त्याने मान वर न करता विचारलं.

"काही नाही. चहा हवाय."

मग मी परत फिरले. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी निरोप पोचवला नव्हता. सासरे वाट बघत होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

आजवर मी मिरची काढत आले होते. त्या दिवशी ओंजळभर घातली. "म्हणाले," मी म्हणाले, "क्लिपचं काय एवढं, कशीही लावली तरी चालते."

सासऱ्यांचा चेहरा मी विसरणार नाही. शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं. खुर्चीचे हात धरून ते उठायला लागले. उठता उठता अर्ध्यात थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं गुडघा धरला. मग पूर्ण उभे राहिले, पायऱ्या उतरले, वहाणासुद्धा न घालता. पिंप ओलांडलं. आठ महिने ज्या गाडीला वळसा घालून जात होते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग धावले. खरं सांगते, मी घाबरले होते. आता बोलणं होणार होतं, पण ते कसलं होईल आणि त्यानंतर घरात काय उरेल, हे माझ्या हातात नव्हतं.

"कशीही चालते?" सासरे म्हणाले.

नवऱ्याच्या हातातली पक्कड पोत्यावर पडली. त्याने आधी वडिलांकडे पाहिलं, मग सवयीने माझ्याकडे. मी मुकी.

"काय कशीही चालते?" शेवटी त्याने विचारलं. वडिलांनाच.

"क्लिप. सरक. बघू दे मला."

नवरा सरकला. सासरे धोतर सावरून चाकापाशी उकिडवे बसले आणि डोळ्यांजवळ नेऊन चेन बघितली. क्लिप लावून झाली होती. त्यांनी अंगठ्याने ती चाचपली. बंद टोक पुढे होतं.

गिरणी पुक्-पुक् करत राहिली. सासरे चेनवर अंगठा ठेवून तसेच बसले होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"असणारच," नवरा म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत. माझ्या सायकलची चेन तुटली होती तेव्हा. उलटी लावली म्हणून कानाखाली दिली होतीत."

"कानाखाली नव्हती दिली."

"दिली होतीत."

"टपली मारली होती. डोक्यात."

"कानाखाली. तेव्हापासून मी एकदाही उलटी लावलेली नाही."

हातरुमालाने सासऱ्यांनी अंगठ्याचं ग्रीस पुसलं, मग त्याच रुमालाने चष्मा पुसला आणि तो आणखी खराब झाला. माझे डोळे भरून आले होते, आणि नेमकं त्याच वेळी दोघांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं. तीच भुवई दोघांची वर.

"मग कशीही चालते असं कोण म्हणालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी तर चहाचं ऐकलं," नवरा म्हणाला. "तुम्हाला चहा हवाय ना?"

"मला कशाला चहा? मी हिला क्लिपचं सांगून पाठवलं."

मी पदर तोंडाशी नेला. "माझा घोळ झाला," मी म्हणाले. "विसरले वाटेत."

"एवढासा निरोप?" सासरे म्हणाले.

"वीस पावलांत?" नवरा म्हणाला.

"शाळेत काय शिकवते ही मुलींना?"

"तेच म्हणतो मी बाबा, हिचं हल्ली लक्षच नसतं कुठे."

आठ महिन्यांनंतर बापलेकांचं पहिल्यांदा ज्या गोष्टीवर एकमत झालं, ती म्हणजे माझा वेंधळेपणा. चाळीस मुलींची हजेरी मी पुस्तकात न बघता घेत असे. पण त्या घडीला मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि इतकी गोड बोलणी मी आयुष्यात खाल्लेली नाहीत.

मग सासरे परत गेलेच नाहीत. चेन किती ढिली ठेवायची यावरून दोघांची जुंपली. नवरा म्हणाला, बोटभर. सासरे म्हणाले, बोटभर खरी, पण गाडीवर वजन असताना. रिकाम्या गाडीवर मोजलेलं खोटं. कुणीतरी वर बसायला हवं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या लुगड्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी एक सुस्कारा सोडला, धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि टांग टाकून त्या गाडीवर बसले. दोन्ही हात हँडलवर. समोर कुंपण, पलीकडे गिरणीची भिंत, पण बघत होते असे, की जणू आग्रा रोडच पुढे पसरलाय. खाली नवरा चेनमध्ये बोट घालून मापत होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. उतरा आता."

"पुन्हा एकदा बघ," ते म्हणाले. उतरले नाहीत.

महिनाअखेरीला आम्ही मानखुर्दला गेलोच. सासरे घर सोडून यायला तयार झाले नाहीत, पण रविवारी सकाळी नवरा त्यांना आणायला मुलुंडला जायचा आणि ते मागे बसून यायचे, सोगा खोचलेला, टोपी हातात घट्ट धरलेली. खोलीत शिरायच्या आधी वाकून चेन बघायचे. मग मला म्हणायचे, "चहा कर. विसरू नकोस." सगळ्या नातलगांत माझी ख्याती पसरली. हिला निरोप देऊ नका, हिच्या डोक्यात राहत नाही. बारशापासून तेराव्यापर्यंत कुठल्याही कार्यात मला महत्त्वाचं काम कुणी सांगेना. मी कधी खुलासा केला नाही.

पुष्कळ वर्षांनी सासरे आमच्याकडेच अंथरुणाला खिळले. शेवटचा महिना असेल. दुपारची वेळ, नवरा कामावर. मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते. त्यांनी मधेच हाताने चमचा थांबवला.

"तो तसं म्हणालाच नव्हता," ते म्हणाले.

"कोण? काय?"

"क्लिपचं. आता विसरले म्हणू नकोस." त्यांना धाप लागत होती, थांबून थांबून बोलत होते. "मी शिकवलेलं होतं त्याला. माझा मुलगा कशीही चालते म्हणणार नाही. खुर्चीतून उठतानाच मला कळलं की तू खोटं बोलतेयस."

माझ्या हातातला चमचा वाटीत पडला. इतकी वर्षं मी समजत होते की मी त्यांना फसवलं.

"मग परत बसला का नाहीत?"

"अर्धा उठलो होतो," ते म्हणाले. "परत बसलो असतो, तर मग कधी उठलो असतो?"

त्यांनी तोंड उघडलं आणि मी उरलेली पेज भरवली. संध्याकाळी नवरा आला. तो हातपाय धूत असताना मी मागे उभी राहून त्याला सगळं सांगितलं, पिंपापासून चमच्यापर्यंत. वडिलांचं शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं दिलं, एक शब्द न बदलता. माझ्या आयुष्यातला असा तो पहिलाच निरोप. तो पंच्याने हात पुसत आत गेला, वडिलांच्या पायाशी बसला आणि दिवेलागणी होऊन गेली तरी त्यांचे पाय चेपत राहिला.